न पिणाऱ्याची व्हिस्की सहल

स्कॉटलंडमधल्या एडिंबराहून सकाळी निघायचं, डोंगर-तळी बघायची, एका डिस्टिलरीत (दारू गाळण्याच्या कारखान्यात) व्हिस्की चाखायची आणि संध्याकाळी परत यायचं, अशा सहली तिथल्या बऱ्याच कंपन्या काढतात. आम्ही २७ मे २०२५ ला अशी एक केली. आम्ही म्हणजे मी, माझे वडील अण्णा (वय ७४) आणि तिकडे नोकरी करणारी माझी धाकटी बहीण. सहल एका दिवसाची, पण तिची तयारी मार्चपासून चालली होती. ज्येष्ठ, शाकाहारी, दारूला कधी न शिवलेला माणूस बरोबर घेऊन असल्या सहलीला जावं का, तिथे नेमकं काय होतं, याबद्दल मला मराठीत काही सापडलं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतेय.

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. मळी, यीस्ट, वॉश, स्पेंटवॉश, रेक्टिफाइड स्पिरिट हे शब्द आम्ही बहिणी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. हंगामात वारा फिरला की कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांनाही स्पेंटवॉशचा, म्हणजे स्पिरिट काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, वास यायचा. आमची आजी माळकरी. डिस्टिलरीत नोकरी लागली तेव्हा अण्णांनी तिला शब्द दिला होता की थेंबही घेणार नाही, आणि आजी जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पाळलाय. बहिणीने तिकडे बोलावलं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली: "किल्ले-बिल्ले तुम्ही ठरवा. मला पॉट स्टिल चालताना बघायचंय." त्यांची सगळी नोकरी उंच कॉलमखाली, म्हणजे स्पिरिट सलग गाळणाऱ्या मनोऱ्याखाली गेली. पॉट स्टिल, म्हणजे एकेक खेप उकळून गाळायचं तांब्याचं भांडं, फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेलं.

व्हिसाचं काम मार्चअखेर काढलं, कारण ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो. शिवाय ९ एप्रिलपासून सहा महिन्यांच्या व्हिसाची फी ११५ पौंडांवरून १२७ पौंड होणार होती. मी ७ एप्रिलला रात्री दोघांचे अर्ज भरून जुन्या दराने पैसे भरले. पौंड तेव्हा ११० ते ११५ रुपयांच्या मध्ये होता, म्हणजे माणशी तेराशे-चौदाशे वाचले.

फॉर्म अवघड नाही, पण लांब आहे आणि काही प्रश्न आपल्याकडच्या ज्येष्ठांना विचित्र वाटतात. अर्जदाराच्या आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. आजीचा जन्म 'मोठ्या पुरानंतरच्या श्रावणात' एवढंच घरात कुणालाही माहीत. आम्ही अंदाजे वर्ष धरलं आणि शेवटी अधिक माहितीसाठी जो रकाना असतो त्यात लिहिलं की त्या काळी गावात जन्मनोंद नव्हती, तारीख अंदाजे आहे. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. परत येण्यासारखं इथे काही आहे हे दाखवायला अण्णांची पेन्शन, बँकेतल्या ठेवी आणि गावची दीड एकर जमीन एवढंच. सातबारा मराठीत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं वाक्य असावं लागतं. नोटरीचा शिक्का मारून स्वतःच केलेलं भाषांतर चालेल असं एका एजंटाने मला सांगितलं होतं. मी ती जोखीम घेतली नाही. पुण्यात एका भाषांतरकाराकडून पानाला पाचशे रुपयांनी करून घेतलं. 'पोटखराबा'चं इंग्रजी काय करायचं यावर त्यांची आणि अण्णांची फोनवर बरीच चर्चा झाली.

बाकी कागद नेहमीचे: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा पुरावा, बहिणीचं बोलावण्याचं पत्र, तिच्या व्हिसाची आणि घरभाड्याच्या कराराची प्रत, पगाराच्या पावत्या. सगळं घरून स्कॅन करून अपलोड करता येतं. केंद्रावर ते काम करून घ्यायचं तर वेगळे पैसे पडतात, म्हणून आधीच करून जा.

११ एप्रिलला पुण्यातल्या केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो. अण्णांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, उजव्या हाताचे ठसे उमटेचनात. तिथल्या मुलीने शांतपणे ओला टिश्यू दिला, बोटं पुसायला लावली, पुन्हा घेतले, मग उमटले. ज्येष्ठांना नेणार असाल तर आदल्या रात्री हाताला थोडं खोबरेल चोळा, सकाळी साबणाने धुवा. आम्हाला हे तिथे शेजारी बसलेल्या काकूंनी सांगितलं, म्हणजे उशिराच.

मग वाट बघणं. साधारण तीन आठवडे लागतात असं सांगतात, पण मध्ये ईस्टरच्या सुट्ट्या आल्या. लवकर निकाल हवा तर ५०० पौंड जादा भरून प्राधान्य मिळतं; ते आम्हाला परवडणारं नव्हतं. अण्णा रोज सकाळी विचारायचे, "आला का निरोप?" आणि मी रोज चिडायचे. ६ मेला पासपोर्ट हातात आले. विम्याची सक्ती नाही, तरी घेतला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांकडून तिथली सरकारी रुग्णालयं उपचाराचे पैसे घेतात आणि आकडे मोठे असतात. अण्णांच्या वयामुळे प्रीमियम साडेनऊ हजार झाला. बीपी असल्याचं लपवू नका, ते लिहूनच विमा घ्या.

व्हिसा हातात येईपर्यंत सहलीचे पैसे भरले नव्हते. ७ मेला भरले. तोवर बहिणीने आणि मी मिळून निवड करून ठेवली होती, आणि ती करताना बरंच काही उमगलं.

पहिलं म्हणजे अंतर. जाहिरातींमध्ये लॉक नेस (लॉक म्हणजे तळं), ग्लेनकोची दरी आणि डिस्टिलरी असं सगळं एका दिवसात दाखवतात. त्या सहली बारा तासांच्या असतात आणि त्यातला बराच वेळ गाडीत जातो. स्पेसाइड, जिथे स्कॉटलंडमधल्या सर्वांत जास्त डिस्टिलऱ्या आहेत, ते एडिंबराहून एका दिवसात उरकायच्या अंतरावर नाही; तिकडे मुक्कामानेच जावं. ज्यांना दर दीड-दोन तासांनी उतरावं लागतं त्यांच्यासाठी पर्थशर बरं. म्हणजे डंकेल्ड, पिटलॉक्री, लॉक टमल हा पट्टा. डोंगर अस्सल हायलँडचे, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाचे, आणि अंतर आपल्या पुणे-महाबळेश्वरसारखं.

दुसरं, गाडी. मोठ्या कोचमध्ये पन्नास माणसं असतात. आम्ही सोळा आसनांची मिनीबस निवडली. अरुंद रस्त्यावर ती जाते, उतरायला-चढायला वेळ लागत नाही, आणि 'जरा थांबता का' असं म्हणता येतं. तिकीट माणशी ६९ पौंड. डिस्टिलरीचं तिकीट त्यात धरलेलं नसतं! हे बारीक अक्षरात असतं. चाखण्यासह फेरी २२ पौंडांची होती, तीही कार्डाने भरायची. जेवणही आपलं आपण.

तिसरं, मी कंपनीला ईमेल करून तीन प्रश्न विचारले: बसला किती पायऱ्या, स्वच्छतागृहासाठी किती वेळा थांबता, आणि न पिणाऱ्याचं काय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन पायऱ्या, पायाखाली घ्यायला स्टूल आहे. दीड तासापेक्षा जास्त न थांबता जात नाही. आणि न पिणारे नेहमीच येतात, गाडी चालवणाऱ्यांसाठी डिस्टिलरीवाले वाट्याचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात, तसा तुम्हालाही देतील. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ती ८० आहे. भाड्याची गाडी घेऊन डिस्टिलऱ्या फिरायचा बेत असेल तर चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. आमच्यासारख्यांनी मिनीबस घेण्याचं खरं कारण हेच.

शनिवार-रविवार भरलेले होते. २६ मेचा सोमवार तिथे बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशी उत्तरेकडच्या रस्त्याला गर्दी असते. म्हणून मंगळवार.

खाण्याचं एक सांगून टाकते. भारतातून जाताना दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, तूप, खव्याचं काही बॅगेत भरू नका. सहलीच्या दिवशी बहिणीने पहाटे उठून तिच्या स्वयंपाकघरात धपाटे केले. दही तिथलंच.

पावणेनऊला जुन्या शहरातल्या ठरलेल्या ठिकाणी पोचलो. हवा तेरा-चौदा अंश, बारीक पाऊस. अण्णांनी आत बनियन, वर स्वेटर, त्यावर जावयाचं विंडचीटर आणि कानटोपी असा सरंजाम केलेला. बाकीचे लोक अर्ध्या बाह्यांत. चालक आणि गाईड एकच होत्या, साठीच्या एक बाई. किल्ट वगैरे नाही, जीन्स आणि जाड बूट. त्यांनी अण्णांना पुढची उजेडाची खिडकी दिली आणि मोठ्याने, सावकाश बोलायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांनी अण्णांनी मला कानात सांगितलं, "त्यांना म्हणावं मला ऐकू येतं. उच्चार कळत नाहीत फक्त."

शहर सोडलं की फोर्थच्या खाडीवरून रस्ता जातो. तिथे तीन पूल शेजारी शेजारी आहेत: १८९० चा लाल पोलादी रेल्वे पूल, १९६४ चा रस्त्याचा पूल, आणि आपण ज्यावरून जातो तो २०१७ चा क्वीन्सफेरी क्रॉसिंग. तिन्ही एका नजरेत मावतात. फोटो घ्यायचा तर उत्तरेकडे जाताना उजव्या बाजूला बसा.

पहिला थांबा डंकेल्ड. टे नदीच्या काठावरचं छोटं गाव, अर्ध छप्पर नसलेलं कॅथेड्रल, १८०९ चा, टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला दगडी पूल. पाऊण तास मिळाला. गावाबाहेर डग्लस फर झाडांचं एक रान आहे तिथे वीस मिनिटं चाललो. खोड बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. ही झाडं मुळात अमेरिकेतली. ज्याच्या नावाने ओळखली जातात तो डेव्हिड डग्लस मात्र इथल्याच, पर्थजवळच्या स्कोन गावचा. स्वच्छतागृहासाठी काही ठिकाणी नाणी लागतात, काही ठिकाणी कार्ड टेकवावं लागतं. खिशात दोन्ही ठेवा.

तिथून पिटलॉक्री वीस-पंचवीस मिनिटांवर. जेवणाला तास होता. हॉटेलात व्हेज हॅगिस (तिथल्या मांसाच्या पारंपरिक पदार्थाचा शाकाहारी प्रकार) मिळालं, ओट आणि डाळींचं, मिरपूड बरीच. अण्णांना आवडलं. "मसाला कमी पडलाय, पण भरडा चांगलाय," असा शेरा. तरी धपाटे खाल्लेच, बाकावर बसून, आणि एक आमच्या ड्रायव्हरबाईंना दिला. त्यांनी कशाचा केला ते विचारून घेतलं. ज्वारी त्यांना सांगणं जमलं नाही, फोनवर चित्र दाखवलं.

जेवून धरणावर गेलो. पिटलॉक्रीचं धरण १९५० च्या सुमाराचं. जलविद्युतसाठी बांधलं आणि सामन मासे उगमाकडे कसे जाणार हा प्रश्न आला, म्हणून बाजूला ३४ टाक्यांची शिडी केली; मासे एकेका टाकीतून वर चढतात. आम्हाला मासा दिसला नाही. अण्णा मात्र कठड्याला धरून उभे राहिले आणि कोयना बांधताना माशांचा विचार कुणी केला असेल का, असं स्वतःशीच म्हणाले. पाऊस थांबला होता, पण ढग खाली आलेले. ड्रायव्हरबाई आकाशाकडे बघून म्हणाल्या, क्वीन्स व्ह्यूच्या कड्यावरून शिहॅलियन डोंगर दिसेल की नाही सांगता येत नाही, जाऊन बघू.

या टप्प्यावर लहान गाडीचा फायदा कळला. किलीक्रॅंकीच्या बाजूचा मुख्य रस्ता सोडून बस लॉक टमलच्या कडेने झाडीतून वळत जाते. दोन्ही बाजूंनी बर्च, खाली जमिनीवर निळ्या फुलांचा थर. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे सरकतो, हात वर करून आभार मानतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी इथे गोळी घेतलेली असावी.

क्वीन्स व्ह्यू म्हणजे तळ्याच्या वरचा एक कडा. व्हिक्टोरिया राणी १८६६ मध्ये इथे येऊन गेली, पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं, चौदाव्या शतकातला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या राणीवरून पडलेलं असं मानतात. वाहनतळापासून दोन-तीन मिनिटांचं चालणं, वाट सपाट. आम्ही पोचलो तेव्हा समोर फक्त पांढरं. सोळा जणांतले निम्मे कॉफी प्यायला गेले. आम्ही थांबलो, कारण अण्णांना परत ये-जा नको होती. दहा-बारा मिनिटांनी ढग वर सरकले. आधी तळ्याचं पाणी दिसलं, मग पलीकडचे वाकडे किनारे, मग अगदी मागे शिहॅलियनचं टोक, इथून जवळजवळ शंकूसारखं.

हा डोंगर १०८३ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बुटका. स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात, असे २८२ आहेत आणि ते सगळे चढून संपवणारे लोक आहेत, आपल्याकडे किल्ले मोजत फिरतात तसे. पण शिहॅलियनची गोष्ट वेगळी. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने इथे तंबू ठोकले. डोंगर एवढा मोठा असेल तर तो ओळंब्याला स्वतःकडे किंचित ओढेल. किती ओढतो ते मोजलं आणि डोंगराचं वस्तुमान काढलं की त्यावरून अख्ख्या पृथ्वीची घनता काढता येईल, असा हिशेब. शिहॅलियन निवडला तो त्याच्या सरळ-सुटसुटीत आकारामुळे. पाण्याच्या साडेचारपट घनता आली. आज ती साडेपाचपट धरतात. आणि या डोंगराचं आकारमान मोजताना गणितज्ञ चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेघांनी जोडले. ट्रेकला जाताना नकाशावर आपण ज्या समोच्च रेषा बघतो, त्या अशा वापरात आल्या. ड्रायव्हरबाईंनी हे सगळं सांगितलं, मी अण्णांना मराठीत सांगत गेले. ओळंबा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "किती अंश हलला?" हा प्रश्न मी पुढे पोचवला. उत्तर आलं, अंशात नाही, सेकंदांत (अंशाच्या ३६०० व्या भागांत) मोजावा लागला, इतका थोडा.

कॉफी प्यायला गेलेले परत आले तोवर टोक पुन्हा झाकलं होतं. पावसाळी दिवशी कड्यावरच थांबा एवढंच मी सांगेन.

ब्लेअर अ‍ॅथल डिस्टिलरीत आमची वेळ तीनची होती. एक लक्षात ठेवा, स्वतः जाणार असाल तर नावामुळे फसू नका: त्याच नावाचं गाव अकराएक किलोमीटर पुढे आहे, डिस्टिलरी मात्र पिटलॉक्रीतच. १७९८ ची सुरुवात. अंगणातून एक ओढा वाहतो, पाणमांजरांचा ओढा असं त्याचं गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं, नाव. दगडी भिंती काळ्या पडलेल्या. मला वाटलं जुनेपणा. अण्णा जवळ जाऊन बघून आले आणि म्हणाले, "बुरशी आहे. अल्कोहोलच्या वाफेवर वाढते. आमच्या गोडाऊनलाही यायची." आमची फेरी घेणारा मुलगा पंचविशीचा होता. त्याने ऐकलं, मी अर्थ सांगितला, आणि तिथून पुढे तो बोलताना आमच्याकडे बघून बोलायला लागला.

आत जायच्या आधी सूचना: बंद बूट हवेत, जिने लोखंडी जाळीचे आहेत, स्टिलहाऊसमध्ये फोन-कॅमेरा बंद. हवेत अल्कोहोलची वाफ असते, ठिणगी नको. अण्णांनी न सांगताच श्रवणयंत्राची डबीही लॉकरमध्ये ठेवली. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जिने किती आहेत ते आधी विचारावं. आम्हाला कठडा धरून सावकाश जमलं.

प्रक्रिया थोडक्यात: बार्ली भिजवून मोड आणून वाळवतात, ती भरडून ६४ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात घोळतात, स्टार्चची साखर होते. हा गोड रस थंड करून यीस्ट घालतात. दोन-तीन दिवसांत आठ-नऊ टक्के अल्कोहोलचा आंबलेला रस, म्हणजे वॉश, तयार होतो. तो तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून, वाफ थंड करून स्पिरिट काढतात. उरलेला चोथा गुरांना जातो. बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), पाणी आणि यीस्ट याखेरीज, रंगासाठीचं साधं कॅरॅमल सोडलं तर, त्यात काही घालायची मुभा नाही.

आंबवण्याच्या मोठ्या पिंपांचं झाकण मुलाने उघडलं आणि म्हणाला, जपून, नाक फार आत घालू नका. बहुतेकांनी घातलंच आणि कार्बन डायऑक्साइडच्या झटक्याने मागे सरले. अण्णांनी हाताने वास स्वतःकडे ओढून घेतला, प्रयोगशाळेत घेतात तसा. "आमच्यापेक्षा गोड आहे. मळीला गंधक असतं." मग स्टिल. चार-पाच माणसं मावतील एवढी तांब्याची भांडी, वर मान निमुळती होत गेलेली. अण्णा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तांबं किती वर्षांनी पातळ होतं? मान लांब असेल तर काय फरक? उष्णता आतून वाफेच्या नळीने की बाहेरून? मुलगा उत्तरं देत होता, मी मध्ये, आणि मागे उभं असलेलं जर्मन जोडपं वहीत लिहून घेत होतं. तांबं गंधकाचे वास शोषून घेतं, म्हणून पोलाद न वापरता तांबंच, हे त्याने सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "आमच्या कॉलमच्या प्लेटापण त्याचसाठी तांब्याच्या होत्या." कॉलम स्टिलचं पेटंट १८३० मध्ये एनियस कॉफीने घेतलं आणि तो मुळात एक्साइजचा अधिकारी होता, हेही त्यांनीच त्या मुलाला सांगितलं. त्याला ते माहीत होतं, पण त्याने माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं. गुणी पोरगा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला तो स्पिरिट सेफपाशी. पितळी चौकटीची काचेची पेटी, तिला कुलूप. स्टिलमधून येणारं स्पिरिट या पेटीतून वाहतं. सुरुवातीचं आणि शेवटचं पुन्हा उकळायला पाठवायचं, मधलं तेवढं ठेवायचं. तो निर्णय स्टिलवाला काचेतून बघून, बाहेरचे खटके फिरवून घेतो. हात लावता येत नाही. १८२३ चा एक्साइज कायदा आला, परवाना घेऊन उघडपणे गाळणं परवडायला लागलं, तोपर्यंत या डोंगरांत चोरून भट्ट्या चालायच्या. नंतरच्या काळात पेटीच्या कुलपाची किल्ली एक्साइज अधिकाऱ्याकडे असायची. हे मी मराठीत सांगायच्या आत अण्णा हसायला लागले. त्यांच्या कारखान्यातही स्पिरिटच्या टाकीला एक्साइजचं कुलूप. इन्स्पेक्टर लग्नाला गेला की टँकर थांबायचा. त्यांनी त्या मुलाला एक रात्र सांगितली, पावसातली, किल्ली आणायला मोटरसायकलवर कवठेमहांकाळला गेल्याची. मी अर्धीच सांगू शकले, पण मुलाला पूर्ण कळली.

गोदामात अंधार, गारवा आणि फळाफळाचा वास. कायद्याने ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं ठेवल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली आणता येत नाही. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जातं. गोव्यातल्या सिंगल माल्टवाल्यांचं (एकाच डिस्टिलरीत फक्त बार्लीच्या माल्टपासून व्हिस्की करणाऱ्यांचं) उष्णतेने आठ टक्क्यांच्या घरात जातं, म्हणून तिथे अठरा वर्षं वगैरे ठेवण्यात अर्थ नसतो. आणि आपल्याकडची बहुतेक स्वस्त 'व्हिस्की' मळीच्या स्पिरिटपासून होते, तिला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. हे अण्णांनी खाली मान घालून नाही, अगदी सरळ सांगितलं. "आम्ही स्पिरिट चांगलं केलं. पुढे कुणी त्याला काय नाव दिलं ते आमच्या हातात नव्हतं."

चाखण्याच्या खोलीत प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास. त्यातली एक तिथलीच बारा वर्षांची, ४३ टक्के. इथलं बरंचसं उत्पादन बेल्स या मिश्र व्हिस्कीत जातं, एकट्याने बाटलीत फारसं येत नाही. मी घरी वर्षातून कधीतरी वाइन घेणारी, मला पहिल्या घोटाला घसा जळण्यापलीकडे काही कळलं नाही. मुलाने सांगितलं: तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, ग्लास हनुवटीपाशी धरा, मग दोन थेंब पाणी. पाणी घातल्यावर खरंच सुकामेव्याचा वास वर आला. न आवडलेलं टाकायला भांडं असतं आणि त्यात टाकलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

अण्णांनी ग्लास उजेडात धरला. बोटाने एक थेंब तळहातावर घेतला, दोन्ही हात चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. मग थोडं थांबून पुन्हा. पाणी उडून गेल्यावर खाली काय राहतं ते असं कळतं. कारखान्यातही ते असंच तपासायचे. तो मुलगा म्हणाला, आमचे जुने लोक असंच करतात. बाकीच्यांनीही मग हात चोळून पाहिले. अण्णांचा घोट छोट्या बाटलीत भरून मिळाला, मागावंही लागलं नाही.

बोलता बोलता त्याने विचारलं, भारतातले का? २०२४ मध्ये बाटल्यांच्या संख्येत स्कॉचची सर्वांत मोठी गिऱ्हाईकं तुम्हीच, १९ कोटी २० लाख बाटल्या. ६ मेला दोन देशांचा व्यापार करार जाहीर झाला होता. १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार, अशी ती बातमी. ती तिथे सगळ्यांना पाठ होती. आमच्या पासपोर्टांची तारीखही तीच, पण ते मी त्याला सांगत बसले नाही.

पावणेपाचला निघालो. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले, साडेसहाला एडिंबरात. तिथे मेअखेर साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सहल लवकर संपल्यासारखी वाटते. बक्षिसी सक्तीची नाही. आम्ही तिघांत मिळून दहा पौंड दिले. माणशी हिशेब: बस ६९, डिस्टिलरी २२, जेवण १२ च्या आसपास, सगळं मिळून अकरा-बारा हजार रुपये. स्वस्त नाही. स्वतःच्या गाडीने कमी पडलं असतं, पण मग गाडी चालवणारीने चाखायचं नाही आणि अण्णांना ओळंब्याची गोष्ट कुणी सांगितली असती?

डिस्टिलरीच्या दुकानातून अण्णांनी एक बाटली घेतली, माझ्या नवऱ्यासाठी. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत. बिल जवळ ठेवा. मुंबईला कुणी अडवलं नाही.

अडवलं ते घरी आल्यावर. जावयाने हात पुढे केला तर अण्णा म्हणाले, "परवाना आहे का?" महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो हे आपल्याकडे बहुतेक जण विसरलेत. एक दिवसाचा पाच रुपयांत दुकानात मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत, आजीवन १००० रुपयांत. आणि तो मिळतो 'आरोग्य राखण्यासाठी', असं त्यावर लिहिलेलं असतं. नवऱ्याला वाटलं थट्टा चाललीय. अण्णांनी बाटली परत बॅगेत ठेवली. आठवडाभराने त्याने राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज केला. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो, वयाची पंचविशी पूर्ण हवी. वर्षाचा काढावा की आजीवन, यावर सासरे-जावयांत दोन दिवस हिशेब चालला. शेवटी आजीवन काढला.